पाऊल पडण्याआधी

शहरबसच्या एखाद्या मुरलेल्या ड्रायव्हरमागच्या सीटवर बसून पुढच्या काचेतून बघत राहावं. शंभर फुटांवर फुटपाथच्या कडेला चार माणसं उभी असतात. तिघांकडे तो लक्षही देत नाही. चौथ्यासाठी मात्र त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून आधीच निघालेला असतो, आणि तो चौथा खरोखरच रस्त्यात उतरतो. कसं कळलं, असं विचारलं तर ‘दिसतंय की’ यापलीकडे उत्तर मिळत नाही.

दिसतं ते असं. माणूस चालू लागण्याआधी त्याचं शरीर तयारी करतं. वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर येतं. खांदे रस्त्याच्या दिशेला वळतात. पिशवी अंगाजवळ येते, शेजारच्या पोराचं मनगट पकडलं जातं. मान आधी उजवीकडे वळते, कारण आपल्याकडे पहिली गाडी उजवीकडून येणार असते. रिक्षाची वाट बघणाराही उजवीकडेच बघतो, पण त्याचे पाय ढिले असतात आणि नजर लांब कुठेतरी लागलेली असते. हे सगळं अर्ध्या-एका सेकंदात घडतं. हे वाचन यंत्राला शिकवण्याचा खटाटोप गेली वीसेक वर्षं जगभर चालू आहे. तो कुठवर आला आहे आणि कुठे अडला आहे, ते या प्रकरणात पाहू.

जर्मनीतल्या श्मिट आणि फेर्बर या संशोधकांनी २००९मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. फुटपाथच्या कडेकडे येणाऱ्या लोकांचं चित्रण त्यांनी प्रेक्षकांना दाखवलं आणि विचारलं, हा ओलांडेल की थांबेल? काही चित्रफितींमध्ये चालणाऱ्याच्या शरीराचे भाग झाकले होते. माणूस कुठून कुठे सरकतो आहे एवढंच दिसत असेल, तर तेवढ्यावरून नेमका अंदाज बांधता येत नाही, असं त्यांना आढळलं. पाय कसे पडताहेत, धड आणि डोकं कुठे वळलं आहे, हे दिसावं लागतं. ड्रायव्हरला जे ‘दिसतंय’ ते शरीरात असतं, नुसत्या मार्गात नसतं.

एका सेकंदासाठी एवढा आटापिटा कशाला, हे समजायला थोडं गणित करावं लागेल. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरला, तर ते १४ मीटर तसेच जातात. कोरड्या डांबरावर करकचून ब्रेक लावला तरी गाडी थांबायला आणखी तेवढेच लागतात. एकूण २८ मीटर. हीच गाडी ताशी ३०ने चालली असती तर साडेतेरा मीटरच्या आसपास थांबली असती. म्हणजे ३०ची गाडी जिथे पूर्ण उभी राहते, तिथे ५०च्या गाडीचा ब्रेक लागायला जेमतेम सुरुवात होते. अंदाज अर्धा सेकंद आधी बांधता आला, तर ५०च्या वेगाला सात मीटर हाती लागतात. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतले ३२,८२५ पादचारी होते. रोजचे नव्वद. या आकड्यापुढे सात मीटर ही क्षुल्लक गोष्ट राहत नाही.

मग कडेला उभ्या असलेल्या प्रत्येकासाठी ब्रेक लावायला काय हरकत आहे? हरकत बसमध्ये उभ्या असलेल्या प्रवाशांना विचारा. विनाकारण कचकन लागलेला ब्रेक आतल्या माणसांना पाडतो आणि मागच्या दुचाकीला बसवर आणून आदळवतो. सारखा खोटा इशारा देणारं यंत्र चालक बंदही करून टाकतो. म्हणून यंत्राला दोन्ही बाजूंनी सांभाळावं लागतं: खरा येणारा सुटता कामा नये, आणि नुसताच उभा असलेला ‘येणार’ ठरता कामा नये.

पहिला उपाय अभियंत्यांकडे तयारच होता. १९६०मध्ये रुडॉल्फ काल्मन यांनी मांडलेली गणिती चाळणी पुढे अपोलो यानांना चंद्राची वाट दाखवायला वापरली गेली. एखादी वस्तू आत्ता कुठे आहे, किती वेगाने चालली आहे, यावरून ती पुढच्या क्षणी कुठे असेल ते सांगायचं, मग प्रत्यक्ष मोजमाप आलं की अंदाज दुरुस्त करायचा. यानाला हे लागू पडतं, कारण अवजड वस्तू आपली दिशा एकाएकी बदलत नाही. माणूस बदलतो. चालता माणूस एका पावलात थांबू शकतो, वळू शकतो, विसरलेली छत्री घ्यायला मागे फिरू शकतो. चाळणीला हे कळतं, पण घडून गेल्यावर.

१९९५मध्ये डिर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार या भौतिकशास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. त्यांनी चालणाऱ्या माणसावर जणू बलं काम करतात असं मानलं. जिथे जायचं ते ठिकाण त्याला ओढतं. भिंती, कडा आणि अनोळखी माणसं दूर ढकलतात. एवढ्या थोडक्या नियमांवर संगणकात गर्दी सोडली, तर समोरासमोर येणारे लोक आपोआप रांगा धरून एकमेकांना वाट देऊ लागतात. दादरच्या पुलावर संध्याकाळी नेमकं हेच होतं, आणि कुणी कुणाला सांगितलेलं नसतं. गर्दीसाठी हे प्रतिमान आजही उपयोगी आहे. कडेला एकट्या उभ्या असलेल्या बाईच्या मनात काय आहे, हे मात्र ते सांगू शकत नाही.

मग न्यूरल नेटवर्कची लाट आली. २०१६मध्ये स्टॅनफर्डमधल्या गटाने एक प्रणाली मांडली. ती प्रत्येक चालणाऱ्याचा मागचा प्रवास लक्षात ठेवते आणि शेजारच्यांच्या हालचालींशी त्याची सांगड घालते. त्यानंतर अशा प्रणालींचं पीकच आलं. परीक्षा मात्र बहुतेकांची एकच: झुरिक आणि सायप्रस इथल्या विद्यापीठांनी जमवलेल्या, वरून टिपलेल्या चित्रफितींमधले लोक ३.२ सेकंद बघायचे आणि पुढच्या ४.८ सेकंदांतली त्यांची वाट सांगायची. २०२०मध्ये श्योलर आणि सहकाऱ्यांनी या सगळ्यांसमोर एक अगदी बाळबोध स्पर्धक उभा केला: माणूस आत्ता ज्या दिशेला, ज्या वेगाने चालला आहे, तसाच चालत राहील. बस्स. या एका ओळीच्या नियमाने त्या वेळच्या अनेक नामांकित नेटवर्कना मागे टाकलं.

मला हा निकाल फार आवडतो, आणि तो गंमत म्हणून सोडून देण्यासारखाही नाही. बहुतेक माणसं बहुतेक वेळ सरळच चालतात. सरासरी चूक मोजली की या सरळ चालणाऱ्यांचं पारडं जड होतं आणि अचानक वळणारा एखादाच त्यात बुडून जातो. रस्त्यावर प्रश्न त्या एखाद्याचाच असतो. हजारातल्या नऊशे नव्वद जणांची वाट सेंटिमीटरपर्यंत बरोबर सांगणारं यंत्र उरलेल्या दहांच्या वेळी गाफील असेल, तर ते कागदावर उत्तम ठरेल आणि रस्त्यावर कुचकामी.

म्हणून दारिऊ गाव्रिला यांच्यासारख्या संशोधकांनी प्रश्नच बदलला. ‘हा कुठे असेल’ याआधी त्यांनी विचारलं, ‘हा थांबेल का?’ यूलियान कोईय आणि गाव्रिला यांच्या गटाने २०१४मध्ये मांडलेली पद्धत तीन गोष्टी तपासते. पादचारी कडेपासून किती दूर आहे? दोघंही असेच चालत राहिले तर गाडी आणि तो किती जवळ येतील? आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: त्याने गाडी पाहिली आहे का? त्यासाठी कॅमेरा त्याच्या डोक्याची दिशा बघतो. गाडी पाहिलेला माणूस कडेला आला की बहुधा थांबतो. मान फोनमध्ये असलेल्याबद्दल अशी खात्री धरता येत नाही. बसड्रायव्हरचं ‘दिसतंय की’ इथे पहिल्यांदा गणितात उतरलं, असं म्हणायला हरकत नाही.

सायकलस्वाराचं गणित निराळं. पादचारी जागच्या जागी वळतो, सायकलस्वाराला तसं वळता येत नाही. त्याला तोल सांभाळावा लागतो. उजवीकडे वळायचं तर सायकल आधी उजवीकडे कलायला हवी, आणि ती कलावी म्हणून हँडल क्षणभर किंचित डावीकडे जातं. रोज सायकल चालवणाऱ्यालाही आपण हे करतो याचा पत्ता नसतो. त्याआधी बहुधा पेडल मारणं थांबतं, खांद्यावरून मागे एक नजर जाते, शिस्तीचा असेल तर हात बाहेर येतो. गाव्रिलांच्या गटाने पुढे सायकलस्वारांसाठीही असाच विचार केला: चौक किती जवळ आला आहे, हात वर झाला आहे का, पुढचा रस्ता कुठे कुठे फुटतो.

या खुणा नेदरलँड्समध्ये पुरत असतील. आपल्या रस्त्यावर सायकल बाजूला का सरकते याचं कारण निम्म्या वेळा सायकलस्वारात सापडतच नाही. ते त्याच्या पुढच्या दहा फुटांत असतं: खड्डा, खचलेलं ड्रेनेजचं झाकण, कडेला पसरलेली खडी, दुहेरी पार्किंग केलेली मोटार, तिचं उघडू लागलेलं दार. मागे दुधाचे कॅन अडकवलेला माणूस खड्डा चुकवायला दोन फूट उजवीकडे येतो तेव्हा हात दाखवायला त्याचा हात मोकळाही नसतो. इथे कॅमेऱ्याने सायकलस्वाराच्या आधी डांबर वाचायला हवं.

यंत्र सायकलमुळे गोंधळल्याचे किस्से परदेशातही आहेत. २०१५मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात गूगलची स्वयंचलित मोटार एका चौकात थांबली. समोरचा सायकलस्वार पाय न टेकता, सायकल किंचित मागेपुढे डोलवत जागेवर तोल सांभाळून उभा होता. तो तसूभर हलला की मोटार निघायची आणि लगेच थांबायची. दोघंही एकमेकांना वाट देत राहिले. व्होल्वोची अडचण याहून मजेदार: ऑस्ट्रेलियात त्यांची यंत्रणा कांगारूंपुढे हात टेकायची. जनावर किती दूर आहे हे ती जमिनीवरच्या त्याच्या जागेवरून ठरवायची, आणि उडी मारून हवेत गेलेला कांगारू तिला लांब गेल्यासारखा वाटायचा.

ॲरिझोनातल्या टेंपी शहरात घडलं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. १८ मार्च २०१८च्या रात्री दहाच्या सुमारास एक बाई हातात सायकल धरून, ती ढकलत, रुंद रस्ता ओलांडत होती. तिथे झेब्रा क्रॉसिंग नव्हतं. उबरची चाचणीवरची स्वयंचलित मोटार ताशी सुमारे ७० किलोमीटरने येऊन तिला धडकली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने पुढे या अपघाताची सेकंदासेकंदाची फोड केली. अंदाज बांधण्याच्या शास्त्रात काय चुकू शकतं, याचा इतका नेमका दस्तऐवज दुसरा क्वचितच असेल.

मोटारीला ती बाई धडकेच्या ५.६ सेकंद आधी जाणवली होती. अंतर शंभर मीटरहून जास्त होतं, थांबायला मुबलक. पण यंत्राने तिला आधी ‘वाहन’ ठरवलं, मग ‘इतर’, पुन्हा ‘वाहन’, पुढे ‘सायकल’. वर्गवारी बदलली की ती वस्तू आधी कुठून कुठे आली याचा हिशेब यंत्र टाकून द्यायचं आणि नव्याने सुरुवात करायचं. त्यामुळे एका सरळ रेषेत, सावकाश, न थांबता येणारी बाई त्याच्या लेखी दर थोड्या वेळाने जागेवरच उभी असलेली एखादी नवी वस्तू होती. ‘इतर’ म्हणून नोंदलेल्या वस्तूला कुठे जायचं आहे, हा प्रश्न तर यंत्र विचारतच नव्हतं. आणि झेब्रा क्रॉसिंग सोडून कुणी पायी रस्ता ओलांडू शकतं, ही शक्यता त्याच्या रचनेत नव्हती.

टक्कर होणार हे यंत्राला १.२ सेकंद आधी कळलं. त्यानंतरही पूर्ण एक सेकंद ते मुद्दाम गप्प राहिलं. खोट्या इशाऱ्यावर उगाच ब्रेक लागू नये म्हणून तशी सोयच केलेली होती. मूळ गाडी व्होल्वोची होती; तिची स्वतःची आपत्कालीन ब्रेक यंत्रणा चाचणीच्या वेळी बंद ठेवलेली. गाडीत बसलेली देखरेखीची चालक फोनवर कार्यक्रम बघत होती. मंडळाने अपघाताचं पहिलं कारण तिचं दुर्लक्ष हेच धरलं, पण कंपनीच्या सुरक्षेबाबतच्या ढिलाईवरही बोट ठेवलं. आधी सांगितलेला तो दुहेरी तोल इथे एका बाजूला पूर्ण कलला होता. आणि ५.६ सेकंद मागचा प्रवास नुसता लक्षात ठेवला असता, तर श्योलरचा तो बाळबोध नियमसुद्धा सांगू शकला असता की ही बाई गाडीच्या वाटेत येते आहे.

लोक क्रॉसिंगवरच रस्ता ओलांडतात, हे गृहीत धरणारी एखादी गाडी पुण्या-नागपुरात आणली तर काय होईल, हे सांगायला नको. आयआयटी मुंबईतल्या कडली आणि वेदगिरी यांनी आपल्याकडच्या मिश्र वाहतुकीत लोक रस्ता कसा ओलांडतात याचा अभ्यास केला आहे. पाठ्यपुस्तकातला पादचारी कडेला थांबतो, सगळ्या लेनमध्ये पुरेशी फट मिळेपर्यंत वाट बघतो आणि एका दमात पार होतो. आपला पादचारी अशी वाट बघत बसला तर संध्याकाळ होईल. तो पहिल्या लेनमधल्या फटीत शिरतो, दोन वाहनांच्या मधल्या पट्ट्यात थबकतो, पुढची फट सरकत आली की पुढे जातो. कधी वेग वाढवतो, कधी तिरका जातो. हे बेशिस्तीपेक्षा हिशेबाचं वागणं आहे आणि त्याला प्रतिमानात मांडताही येतं. शिवाय आपला हात आहे. तळवा गाडीकडे करून, ‘थांब, आलोच’ म्हणणारा. चीनमधल्या प्रयोगांत, सिग्नल नसलेल्या ठिकाणी पादचाऱ्याने हाताने खूण केली की चालक थांबण्याचं प्रमाण वाढतं, असं दिसलं आहे. आपल्याला त्यासाठी प्रयोगाची गरज नव्हती.

हैदराबादच्या ट्रिपल-आयटीने भारतीय रस्त्यांवरच्या पादचाऱ्यांचा खास माहितीसंच तयार केला, त्यामागे आपला पादचारी वेगळा वागतो हाच विचार आहे. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठाने २०१७ आणि २०१९मध्ये खुले केलेले माहितीसंच या क्षेत्रातले मैलाचे दगड मानले जातात. पादचाऱ्याने कधी पाहिलं, कधी पाऊल टाकलं, अशा नोंदी त्यांत आहेत. पण तिकडच्या रस्त्यांवर शिकलेल्या पद्धती हैदराबादच्या चित्रफितींवर चालवल्या की त्यांचा अंदाज ढासळतो.

आपल्या रस्त्यावरची खरी गोम याहून खोल आहे. इथे पादचारी पुढे काय करेल हे गाडी काय करते यावर ठरतं, आणि गाडी काय करते ते पादचाऱ्यावर. ट्राउटमन आणि क्राउझे यांनी २०१०मध्ये गर्दीतून जाणाऱ्या रोबोटबद्दल दाखवलं होतं, की तो प्रत्येक माणसाची वाट स्वतंत्रपणे वर्तवू लागला तर थोड्याच वेळात त्याला सगळ्याच वाटा अडलेल्या दिसतात आणि तो जागेवर खिळतो. माणसं आपल्यासाठी थोडी सरकतील, हे त्याने धरलेलंच नसतं. उलट टोकही आहे. गाडी नेहमीच थांबते हे एकदा लोकांना कळलं, की लोक बिनदिक्कत पुढे येतील आणि गाडीला हलताच येणार नाही, असा इशारा ॲडम मिलार्ड-बॉल यांनी दिला आहे. कुणी आधी माघार घ्यायची, याचा हा खेळ आहे. तो नजरेने चालतो, अशी आपली समजूत असते. पण एमआयटीतल्या एका अभ्यासात १५ मीटरवरून नव्वद टक्क्यांहून जास्त पादचाऱ्यांना चालक कुठे बघतोय ते ओळखता आलं नाही, आणि ३० मीटरवरून तर चालक दिसलाच नाही. पादचारी वाचतो तो गाडीचा वेग. ती जराशी मंदावली, की परवानगी मिळाली.

ही वाटाघाट लहान मुलांना जमत नाही. लंडनच्या रॉयल हॉलोवेमधल्या जॉन वान यांच्या गटाने २०११मध्ये दाखवलं, की प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना ताशी ३०-३२ किलोमीटरपेक्षा वेगाने सरळ अंगावर येणारी गाडी जवळ येते आहे हे नीट जाणवतच नाही. आणि यंत्राचीही नजर नेमकी इथेच कमी पडते. किंग्ज कॉलेज लंडन आणि पेकिंग विद्यापीठाच्या २०२३च्या चाचणीत पादचारी ओळखणाऱ्या प्रणालींची अचूकता मुलांच्या बाबतीत मोठ्यांपेक्षा जवळपास २० टक्क्यांनी कमी भरली. ज्याला गाडी दिसत नाही, तोच गाडीलाही कमी दिसतो. अंधाराचं तसंच. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संस्थेने आपोआप लागणाऱ्या ब्रेकमुळे पादचाऱ्यांचे अपघात २७ टक्क्यांनी घटल्याचं २०२२मध्ये सांगितलं, पण दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर फरक काहीच आढळला नव्हता.

सगळाच अंदाज गाडीने बांधला पाहिजे असंही नाही. व्हिएन्नात ग्राझच्या तंत्रविद्यापीठाने बनवलेले कॅमेरे सिग्नलच्या खांबावर बसतात. समोरच्या जागेत आलेला माणूस ओलांडायला आला आहे की नुसता जातो आहे, हे ते एक-दोन सेकंदांत ठरवतात आणि बटण न दाबताच सिग्नलकडे मागणी नोंदवतात. तो माणूस निघून गेला तर मागणी रद्द.

नागपुरात २०२१मध्ये सुरू झालेला आयरास्ते प्रकल्प तिसऱ्या बाजूने जातो. इंटेल, ट्रिपल-आयटी हैदराबाद, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि नागपूर महापालिका त्यात एकत्र आल्या. शहरबसमध्ये कॅमेऱ्याची यंत्रणा बसवली. पादचारी किंवा वाहन धोकादायक जवळ आलं की ती ड्रायव्हरला इशारा देते, आणि तो इशारा कुठे, कधी झाला याची नोंदही ठेवते. बस रोज त्याच रस्त्यांवरून फिरत असल्यामुळे इशारे नकाशावर काही ठिकाणी दाट होतात. माणसं मेल्यावर जाहीर होतो तो ‘ब्लॅक स्पॉट’. अजून कुणी मेलेलं नाही पण वारंवार थोडक्यात निभावतं आहे, अशा जागांना तिथे ‘ग्रे स्पॉट’ म्हणतात.

अशा जागी काय असतं, हे आपल्या कोणत्याही शहरात फिरणाऱ्याला माहीत आहे. एका बाजूला बसस्टॉप, दुसऱ्या बाजूला शाळेचं किंवा दवाखान्याचं फाटक, सिग्नल अर्धा किलोमीटर पुढे, आणि दुभाजकात कुणीतरी केव्हातरी पाडलेली एक फट. इशाऱ्यांची संख्या कॅमेरा सांगतो. फट तिथेच का पडली ते त्याच्या नोंदीत येत नाही. ते कळायला महापालिकेच्या अभियंत्याला शाळा सुटायच्या वेळी तिथे तासभर उभं राहावं लागतं.